कोऱ्या मलमलीचे मास्क

दि. ११ फेब्रुवारी १९७३, रविवार. सकाळी सव्वासात वाजता फैजपूरच्या धर्मशाळेत नेत्रशिबिराचे पहिले ऑपरेशन सुरू झाले.

पूर्वेकडच्या खोलीला चुना लावून, फरशी फिनेलने पुसून तिचे थिएटर केले होते. शेजारच्या खोलीत मी रुग्णांच्या डोळ्यांमागे भुलीचे इंजेक्शन देत होतो. मी तेव्हा जळगावच्या एका लहान धर्मादाय दवाखान्यात डोळ्यांचा डॉक्टर होतो. टेबलावर ऑपरेशन करणारे सर्जन धुळ्याहून आले होते. वयाने ते माझ्यापेक्षा बरेच मोठे. डोळ्याला सुरी लावायला मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. त्यांना मी साहेब म्हणत असे. इथेही तसेच म्हणतो.

ओसरीवर रुग्ण ओळीने बसले होते. त्यांत माझी थोरली बहीण होती. तिला असोद्याला दिली होती. आम्हा सर्व भावंडांची ती अक्का. आई लवकर गेल्यामुळे मला तिनेच वाढवले. तिचा डावा डोळा काचबिंदूने कायमचा गेला होता आणि उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. म्हणजे तिच्याजवळ गमावण्यासारखा एकच डोळा उरला होता. आमच्या दवाखान्यातील ऑपरेशने बंद होती, म्हणून तिला शिबिरात आणावे लागले. साहेबांच्या हातून ऑपरेशन व्हावे हा तिचा आग्रह होता आणि साहेबांनीही ते मान्य केले होते.

ऑपरेशने बंद असण्याचे कारण पाणी. ते दुष्काळाचे वर्ष होते. दवाखान्यात पाणी तुटले की सर्वांत आधी धुलाई थांबते. त्या काळचे मास्क आजच्यासारखे वापरून फेकून द्यायचे नसत. जाळीदार सुती कापडाचे, चार बंदांचे मास्क आम्ही वापरत असू, धूत असू, वाफवून पुन्हा वापरत असू. धुलाई थांबली तेव्हा ते संपले. नवीन मास्कसाठी कापड मागवले, तर जाळीचे सगळे कापड दुष्काळी कामांवरच्या मलमपट्टीला गेल्याचे उत्तर आले. ते उत्तर चुकीचे होते असे मी म्हणत नाही. खडी फोडणाऱ्यांच्या जखमाही जखमाच होत्या.

शिबिराचा खर्च गावातील एक कापडाचे व्यापारी करत होते. घराणे मूळचे मारवाडातले, जैन. तीन पिढ्यांपासून खानदेशात. आदल्या आठवड्यात मी मास्कची अडचण सांगितली, तेव्हा शेठजी शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, त्याची चिंता सोडा. तोंडाला पट्टी बांधणं आमच्या घराला नवीन नाही."

ते खरे होते. त्यांच्या आई, ज्यांना सारे गाव माँजी म्हणे, रोज सकाळी मुहपत्ती बांधून सामायिकाला, म्हणजे जैनांच्या नित्य ध्यानाला, बसत. आपल्या श्वासाच्या उष्णतेने हवेतला सूक्ष्म जीवही दुखावू नये, यासाठी ती पट्टी. कापडाचे आठ पदर, दोन्ही कानांवरून दोरा, आणि खालची कड मोकळी. माँजींनी दुकानातून मलमलीचा नवा तागा उघडवला, घरातल्या सुनांना आणि शेजारणींना बसवले आणि त्याच मापाच्या, जरा मोठ्या पट्ट्या शिवून घेतल्या. शनिवारी संध्याकाळी पितळी ताटात, वर पांढरा रुमाल घालून त्या पट्ट्या धर्मशाळेत आल्या. धुळ्याहून साहेबांबरोबर आलेल्या वॉर्डबॉयने ते ताट तसेच्या तसे वाफेच्या ड्रममध्ये रिकामे केले. हा वॉर्डबॉय म्हणजे साठीकडे झुकलेला गृहस्थ होता. त्याला सर्वजण नाना म्हणत. मी तेव्हा गावातल्या विहिरीवरून पाण्याची व्यवस्था करण्यात गुंतलो होतो. पट्ट्या मी पाहिल्या त्या रविवारी सकाळी, ड्रमचे झाकण निघाल्यावर.

नानाने चिमट्याने एक उचलून माझ्यापुढे धरली. ती वाकली नाही.

"हे असे का?" मी विचारले.

"बठ्ठा असाच कडक शेतस, साहेब. पापडना मायक," नाना त्याच्या अहिराणीत म्हणाला.

कारण उघड होते. कापड कोरे होते. गिरणीची खळ त्यात जशीच्या तशी होती. वाफेने ती खळ पातळ झाली, आठही पदरांत मुरली आणि वाळल्यावर पदर एकमेकांना चिकटून एकच पुठ्ठा तयार झाला. शिवण्याआधी कापड धुतले असते तर हे झाले नसते. पण दानाचे कापड धुवून देण्याची रीत त्या घरात नव्हती, आणि आमच्याही घरात नाही. द्यायचे ते कोरे द्यायचे, घडी मोडलेली वस्तू कोणाच्या पदरात घालायची नाही, हे आपण सगळेच पाळतो. त्यात पाण्याची टंचाई. माँजींनी जे केले ते आपल्या समजुतीप्रमाणे उत्तम केले होते.

साहेबांनी पट्टी तोंडावर चढवली. आरशाशिवायच ती सरळ केली. "छान आहे. पांढरीशुभ्र," ते म्हणाले. "आज आपण सगळे साधू." मग ते खोकले. दोन दिवसांपासून त्यांचा घसा धरला होता. आदल्या रात्री गुळण्या करताना मी त्यांना पाहिले होते.

मीही पट्टी बांधली. पहिल्या इंजेक्शनलाच माझा चष्मा धुरकटला. थंडीचे दिवस होते, सकाळची वेळ होती. मी चष्मा पुसून पुढच्या रुग्णाकडे वळलो.

पहिला रुग्ण यावलकडच्या एका खेड्यातला म्हातारा होता. त्याच्यासोबत आलेले लोक त्याला आबा म्हणत होते. दोन खोल्यांमधले दार उघडे असल्यामुळे टेबलावरचे बोलणे मला ऐकू येत होते. साहेबांना ऑपरेशन करताना बोलण्याची सवय होती. रुग्ण जागा असतो, घाबरलेला असतो. त्याच्याशी गप्पा मारल्या की तो डोळा हलवत नाही, असे त्यांनी आम्हाला शिकवले होते.

"काय आबा, केळी कशी आहे यंदा?"

"जयाली, साहेब. विहीर आटली."

"डोळा झाला की विहिरीत डोकावून पाहा. पाणी दिसेल."

"पाणी असंल तं दिसंल," आबा म्हणाला. थोड्या वेळाने तो पुन्हा बोलला. "साहेब, कपायाले वारा लागू राह्यला."

"कपाळाला? पंखा बंद आहे, आबा."

"पंख्याचा नोहे. वरून येते. गरम वारा."

"म्हणजे मीच पंखा झालो म्हणायचे," साहेब म्हणाले, आणि नाना हसला. ऑपरेशन पुरे झाले. आबाला दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून खाटेवर नेले.

ते वाक्य माझ्या कानात राहिले. दुसऱ्या रुग्णाला इंजेक्शन देताना मी मुद्दाम लक्ष दिले. इंजेक्शन देणारा बहुतांशी सरळ बसलेला असतो. माझा श्वास वर, चष्म्याकडे जात होता. साहेब मात्र रुग्णाच्या डोक्यामागे बसून, मान पूर्ण खाली घालून काम करत होते. मी दारात जाऊन त्यांच्याकडे बाजूने पाहिले. पट्टी कानांच्या दोऱ्यांवर आणि नाकाच्या शेंड्यावर टेकली होती. तिची खालची कड हनुवटीपासून सुटून पुढे आली होती, छपराच्या वळचणीसारखी. मधल्या फटीतून मला साहेबांचे ओठ हलताना दिसले.

ओसरीच्या टोकाला रुग्णांची दाढी करून चेहरा स्वच्छ करण्यासाठी एक न्हावी बसवला होता. मी त्याचा आरसा मागून घेतला, मागच्या खोलीत गेलो आणि आरसा टेबलावर ठेवून त्याच्यावर वाकलो. साहेब जेवढ्या उंचीवर वाकतात तेवढाच. साधा श्वास सोडला. काच धुरकट झाली. पुसली. पुन्हा श्वास सोडला आणि सोबत दोन वाक्ये बोललो. काचेवर बारीक थेंब बसले. नंतर माझ्या पिशवीत जपून ठेवलेला दवाखान्याचा एक जुना मास्क काढला, चारही बंद आवळून बांधला आणि तेच पुन्हा केले. कडेला किंचित वाफ आली. मधला भाग स्वच्छ राहिला.

मास्क कशासाठी असतो याबद्दल लोकांचा गैरसमज आहे. सर्जनचा मास्क सर्जनला वाचवण्यासाठी नसतो. सर्जनच्या तोंडातले जंतू उघड्या डोळ्यात पडू नयेत, यासाठी तो असतो. म्हणून पदर किती आणि कापड किती दाट यावर त्याची पारख होत नाही. श्वास कापडातून गाळून बाहेर पडला पाहिजे. कापडातून वाट मिळाली नाही तर तो कडेने वाट काढतो, आणि गाळल्याशिवाय जातो. आठ पदरांचा तो पुठ्ठा तोंडापुढे नसता तर साहेबांनी तोंड आवरले असते, खोकला आला तर मान फिरवली असती. पुठ्ठा होता म्हणून ते निर्धास्त होते. मास्क नसण्यापेक्षा हे वाईट होते.

मी थिएटरमध्ये परत आलो तेव्हा चौथे ऑपरेशन संपत आले होते. दारापाशी अक्का बसली होती. तिच्या डोळ्यात बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून झाले होते. पुढचा क्रमांक तिचा होता.

मी साहेबांना बाहेर यायला सांगितले. ऑपरेशन चालू असताना असे मी त्यांना कधी म्हटले नव्हते. त्यांनी शेवटचा टाका घातला, पट्टी केली आणि ते मागच्या खोलीत आले. मी आरसा दाखवला. त्यांना त्यावर वाकायला सांगितले. ते वाकले, श्वास सोडला, काच पाहिली. मग तोंडावरची पट्टी काढून आतल्या बाजूने पाहिली. ती ओली होती.

"चार झाले," ते म्हणाले.

"हो."

"पहिल्याच्या वेळी का नाही बोललास?"

"पहिल्याच्या वेळी मला माहीत नव्हते."

"आणि आता बहिणीची पाळी आली तेव्हा माहीत झाले." ते ओरडले नाहीत. "ते चौघे कोणाचे भाऊबंद नव्हते का? बाहेर लोकांनी काय समजायचे? डॉक्टरांनी दुसऱ्यांच्या डोळ्यांवर मास्क आजमावून पाहिला आणि बहीण आली तेव्हा काम बंद केले?"

  आबाच्या बोलण्यावरून मी शोध घेतला हे खरे होते. अक्का रांगेत नसती तर तो शोध इतक्या घाईने घेतला असता का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मी एवढेच म्हणालो, "जे झाले ते परत करता येणार नाही. पुढचे अजून व्हायचे आहेत."

"लोक बैलगाड्यांनी आलेत. परत पाठवतोस?"

"दुपारपर्यंत थांबवतो."

"आणि दुपारी आकाशातून मास्क पडणार?"

तेवढ्यात शेठजी आत आले. काम थांबल्याचे त्यांना ओसरीवर कळले होते. मी त्यांना कारण सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. "आमच्या आईनं उपास धरून शिवून घेतल्यात त्या पट्ट्या," ते म्हणाले. "गावात आता काय बोलणं होईल, माहीत आहे ना?" मग म्हणाले, "तिला मी सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

माँजी स्वयंपाकाच्या बाजूला रुग्णांच्या पेजेवर देखरेख करत होत्या. कृश, ताठ बाई. डोक्यावरून पदर कपाळापर्यंत. मी त्यांच्यापुढे ती ओली पट्टी धरली आणि आडवळण न घेता सांगितले की या चालणार नाहीत. त्यांनी पट्टी हातात घेतली नाही, पण नीट पाहिली.

"काय कमी पडलं?"

मी खाली वाकून दाखवले. कड कशी सुटते ते दाखवले.

 "ही तर बसून बोलायची पट्टी," त्या म्हणाल्या. "साधू-साध्वी समोर बघून बोलतात. तुम्ही माणसाच्या तोंडावर वाकून काम करता, हे मला कुणी सांगितलं नाही."

"आम्ही सांगायला हवे होते."

"हवं होतंच." त्यांनी पेजेचा पळा सुनेच्या हाती दिला. "आता कशी पाहिजे ते सांगा. दु:ख मागाहून करू."

मी माझा जुना मास्क दाखवला. हनुवटीखाली जाणारा घोळ, वरचे बंद डोक्यामागे, खालचे मानेमागे. त्यांनी तो बोटांनी चाचपला. कापड किती विरळ आणि किती मऊ आहे ते पाहिले. "असं मऊ कोऱ्या ताग्यात मिळायचं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही. शंभर वेळा धुतलेले कापड हवे. घरातली जुनी धोतरे असतील तर चालतील."

इथे मात्र त्या अडल्या. शेठजी मागे उभे होते. ते माझ्यावरच रागावले. "डॉक्टरसाहेब, काही बोलता. अंगावरचं जुनं धोतर, ते दानात द्यायचं? आणि ते पाहुण्या सर्जनच्या तोंडाला बांधायचं? आमच्या घराची काही पत आहे की नाही?"

"दान म्हणून देऊ नका," मी म्हणालो. "मी मागून घेतो आहे."

माँजींनी मुलाकडे पाहिले. "मागणाऱ्याला नाही म्हणायचं का?" त्यांनी विचारले. शेठजी बाजूला झाले. माँजी घरी गेल्या आणि स्वतः बोचके घेऊन आल्या. त्यात त्यांच्या मुलांची धोतरे होती. त्यांखाली दोन अशी होती की ज्यांची घडी बऱ्याच काळात मोडलेली नव्हती. त्यांचे यजमान वारल्याला काही वर्षे झाली होती.  ती दोन सर्वांत मऊ होती.

सुनांनी धोतरे फाडली, माझ्या मास्कवरून माप घेतले आणि घोळ घालून चार-चार पदरी मास्क शिवले. बंद काठाच्या पट्ट्यांचे केले. पिण्याच्या पाण्याच्या एका हंड्यात सोडा घालून ते उकळले, पिळले आणि ड्रममध्ये वाफवले. तो हंडा गेल्यामुळे त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या बायकांना दुपारचे पाणी पुरले नाही. पहिला मास्क तयार झाल्यावर मी आरशावर वाकलो. कडेला वाफ आली, मध्ये आली नाही. दवाखान्याच्या मास्कइतका तो चांगला नव्हता. पण तोंडाला बसत होता आणि त्यातून श्वास येत-जात होता. मी ठरवले की काम करणाऱ्याने टेबलावर एक शब्दही बोलायचा नाही, कारण बोलण्याने कापड लवकर भिजते आणि भिजलेले कापड निरुपयोगी. मास्क ओला लागला की बदलायचा. घरगुती मास्कवर याहून जास्त विश्वास टाकता येत नाही. त्याची निम्मी सुरक्षितता बांधणाऱ्याच्या शिस्तीत असते.

एक गोष्ट उरली होती. ती सर्वांत अवघड होती. मी साहेबांना म्हणालो, "तुमचा घसा धरला आहे. खोकला येतो आहे. या कापडावर त्याचा भार टाकू नये असे मला वाटते."

 त्यांच्या हाताखाली शिकलेला मनुष्य त्यांना टेबलावरून उठवत होता, तेही दुसऱ्यांच्या गावात, लोकांसमोर.

"मग कोण करणार?"

मी तयार मास्कांतला एक उचलला.

"बहिणीचा डोळा तूच करणार?" ते म्हणाले. "आपल्या माणसावर सुरी धरू नये, हे मीच तुला शिकवले आहे. एकच डोळा आहे तिचा."

"म्हणूनच."

त्यांनी धोतराचा एक मास्क उचलला, उलटसुलट पाहिला आणि बांधायला सुरुवात केली. "चल. मी इंजेक्शने देतो. सरळ बसून." खालचा बंद मानेमागे आवळताना ते म्हणाले, "माझ्या तोंडाला शेठजींचे धोतर. आता बोलायची सोयच राहिली नाही." त्यानंतर त्या दिवशी ते फार बोलले नाहीत.

अक्काला टेबलावर घेतले. तिला साहेबच ऑपरेशन करणार असे सांगितले होते. बदल तिला सांगायचा राहून गेला होता. मी डोक्यामागे बसलो. पापण्या ताणून धरल्या. सुरी आत घातल्यापासून सुमारे अर्धे काम होईपर्यंत ती शांत होती. मग म्हणाली, "साहेब बोलत काबर न्हाई?"

कोणी उत्तर दिले नाही.

"मघाशी तं बोलत व्हते. आबाशी बोलत व्हते." थोडा वेळ गेला. "कोन हाये? भाऊ, तू हाये का रे?"

मी बोलू शकत नव्हतो. नियम मीच केला होता, आणि माझे तोंड तिच्या उघड्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर होते. तिने डोळा हलवला असता तर सर्व संपले असते. नानाने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. नाना टेबलापासून दूर सरकला, भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "भाऊच शेतस, अक्का. हात चालू शेतस, तोंड तेवढं बंद शे. तू हालू नको."

"न्हाई हालत," ती म्हणाली. आणि काही वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखे, "लहानपनी बी असाच व्हता. राग आला का बोलायचा न्हाई."

मोतीबिंदू बाहेर आला. मी टाके घातले, पट्टी केली. मास्क काढला तेव्हा तो भिजायला लागला होता.

उरलेले रुग्ण संध्याकाळपर्यंत झाले. साहेबांनी प्रत्येकाला इंजेक्शन दिले. एकदा त्यांना जोराचा खोकला आला, तेव्हा ते उठून अंगणात गेले आणि थांबल्यावरच परत आले.

शिबिराचा निकाल इथेच सांगून टाकतो. तिसऱ्या दिवशी पट्ट्या सोडल्या तेव्हा आबाच्या डोळ्यात पू होता. आम्ही जे करायचे ते केले. डोळा गेला. त्याच्यानंतरच्या तिघांना दिसू लागले. धोतराच्या मास्कवर झालेल्यांपैकी एका बाईचा डोळाही लाल होऊन सुजला होता, तो औषधांनी आवरला. आबाचा डोळा साहेबांच्या श्वासामुळे गेला असे मी सिद्ध करू शकत नाही. पाणी कमी होते, खोली धर्मशाळेची होती, औजारे तीच तीच स्पिरिटमध्ये बुडवून वापरत होतो. डोळा कोणत्याही वाटेने जाऊ शकला असता. घरी जाताना आबा मला एवढेच म्हणाला, "म्या सांगतलं व्हतं ना, वारा लागते म्हनून." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याचा दुसरा डोळा अधू होता, पण गाडीवाट दिसण्याइतके त्याला दिसे. साहेब पुढेही शिबिरे करत राहिले. टेबलावर त्यांना बोलताना मी पुन्हा ऐकले नाही. अक्काला त्या डोळ्याने मरेपर्यंत दिसले.

पण रविवारी संध्याकाळी यातले काहीच कळलेले नव्हते. दिवेलागणीपूर्वी मी खाटांवरून फेरी मारली. त्या काळी ऑपरेशन झालेल्याला दोन्ही डोळे बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून उताणे ठेवत. आबा जागा होता. त्याने विचारले, वारा बंद झाला का. मी हो म्हणालो.

वापरलेले मास्क नानाने सोड्याच्या पाण्यात टाकले. कोऱ्या मलमलीच्या उरलेल्या पट्ट्या माँजींनी परत नेल्या नाहीत. "धुवून मऊ झाल्या की जखमेला वापरा," म्हणाल्या. मी त्यांची शिवण उसवायला सुनांना दिली.

अक्काला डोळ्यांवर पदर फिरवण्याची जुनी सवय होती. दिवसभर बांधलेला डोळा खाजतो, आणि झोपेत माणसाचा हात आपोआप तिकडे जातो. टाके नवे होते. मी तिला सांगितले की हात बांधावे लागतील.

"बांध," ती म्हणाली. "बोलला एकदाचा."

धोतरांच्या काठाच्या काही पट्ट्या शिवणाऱ्यांकडे उरल्या होत्या. त्यांतल्या दोन लांब पाहून घेतल्या. मनगटाला लागू नयेत म्हणून आत कापूस ठेवला आणि तिचे दोन्ही हात खाटेच्या माचव्याला सैल बांधले. गाठी बाहेरच्या बाजूला घेतल्या, तिच्या बोटांना पोहोचणार नाहीत अशा.